भुताचं भाडं

अथेन्समधलं ते घर मोठं होतं, ऐसपैस होतं, आणि त्यात राहायला कोणी तयार नव्हतं. रात्र झाली की लोखंड घासल्याचा आवाज यायचा, आधी लांबून, मग अगदी उशाशी. मागोमाग एक म्हातारा दिसायचा. अंगावर मांस नाही, दाढी लांब, केस पिंजारलेले, पायांत बेड्या, आणि हातांतले साखळदंड तो खळाखळा हलवत असायचा. राहणाऱ्यांच्या डोळ्याला डोळा लागेना. जागरणानं माणसं आजारी पडली, काही भीतीनंच गेली. शेवटी घर ओस पडलं. तरी मालकानं आशा सोडली नव्हती. ज्याला यातलं काही माहीत नाही असा कोणी तरी भेटेल, म्हणून त्यानं घर विकायला किंवा भाड्यानं द्यायला काढल्याची पाटी लावली.

अथेनोडोरस नावाचा तत्त्वज्ञ गावात आला. त्यानं पाटी वाचली, भाडं विचारलं, आणि आकडा ऐकून त्याला संशय आला. एवढं घर एवढ्या स्वस्तात? त्यानं खोदून खोदून चौकशी केली. सगळं कळलं, आणि कळल्यावर तर त्यानं घर घेतलंच.

ही हकीकत धाकट्या प्लिनीनं आपल्या मित्राला, लिकिनियस सुराला, पत्रातून कळवली आहे. काळ सुमारे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीचा, दुसऱ्याच्या सुरुवातीचा. भुतं खरोखर असतात का, एवढंच प्लिनीला मित्राकडून जाणून घ्यायचं होतं. मुद्दाम भुताच्या जागी मुक्काम करून रात्र काढणाऱ्या माणसाचं इतकं बारकाईनं केलेलं वर्णन मला याच्या आधीचं कुठं भेटलेलं नाही. मला त्यातलं भाडं महत्त्वाचं वाटतं. कारण पुढच्या दोन हजार वर्षांत भुतं फारशी बदलली नाहीत, पण भाड्याचा काटा पुरता उलटा फिरला. एके काळी भुतापायी जागा मातीमोल व्हायची. आज त्याच भुतासाठी लोक महिनोन् महिने आधी खोली राखून ठेवतात आणि वर जास्त पैसे मोजतात. हे कसं घडलं, त्याचा हा माग.

अथेनोडोरसची ती रात्र जरा जवळून बघण्यासारखी आहे. संध्याकाळ झाली तशी त्यानं घराच्या पुढच्या भागात अंथरूण घालायला सांगितलं. लिहायच्या पाट्या, लेखणी आणि दिवा मागवून घेतला आणि नोकरांना आतल्या खोल्यांत पाठवून दिलं. रिकामं मन भलतंसलतं कल्पून घेतं हे तो ओळखून होता, म्हणून त्यानं डोळे, हात आणि चित्त लिखाणात गुंतवलं. बराच वेळ नुसती शांतता. मग साखळ्या वाजल्या. त्यानं मान वर केली नाही. आवाज दारात आला, दारातून आत आला. आता त्यानं वळून पाहिलं, तर सांगितलं होतं तसाच म्हातारा उभा, बोटानं खुणावून बोलावतोय. अथेनोडोरसनं हातानंच ‘जरा थांब’ अशी खूण केली आणि पुन्हा लिहायला लागला. भुतानं त्याच्या डोक्यावर साखळ्या खळखळवल्या. तेव्हा कुठं तो दिवा घेऊन उठला आणि त्याच्यामागं निघाला. बेड्यांच्या ओझ्यानं म्हातारा हळूहळू चालत होता. अंगणात वळला आणि दिसेनासा झाला. अथेनोडोरसनं पालापाचोळा गोळा करून त्या जागी खूण केली. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांना सांगून तिथं खणायला लावलं. साखळदंडांत अडकलेली हाडं निघाली. ती गोळा करून सरकारी खर्चानं, रीतसर पुरली. त्यानंतर घर निवलं.

मराठी वाचकाला हा शेवट अगदी घरचा वाटेल. उत्तरक्रिया झाली नाही, वासना उरली, मरण अवेळी आलं, की माणूस मागं अडकतो, ही समजूत आपल्या हाडीमासी आहे. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुंजा पिंपळावर, समंध आपल्या ठेव्यापाशी. त्र्यंबकेश्वरला आजही दुर्मरण आलेल्यांसाठी नारायणबळी करतात. शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी मारला गेलेला अठरा वर्षांचा नारायणराव पेशवा अजून ‘काका, मला वाचवा’ म्हणतो, असं पुण्यात सांगतात, त्यातही मागणंच आहे. अशा भुताचं काही येणं असतं. ते दिलं की प्रश्न मिटला. आपल्या खेड्यापाड्यांतली पैजेची गोष्ट मात्र वेगळ्या जातीची : अवसेच्या रात्री स्मशानात जाऊन खुंटी ठोकून येतो म्हणणारा गडी, अंधारात धोतराचा सोगा खुंटीखाली येतो, उठताना कोणी तरी मागं ओढलं असं वाटून तो जागच्या जागी मरतो. तिथं भूत नाही आणि येणंही नाही, नुसती छाती दाखवायची हौस आहे. आजच्या हॉटेलातल्या मुक्कामाचं नातं या पैजेशी जास्त जवळचं आहे.

प्लिनीच्याही तीनशे वर्षं आधी रोमन नाटककार प्लाउटसनं एक नाटक लिहिलं होतं, ‘मोस्टेलारिया’. बाप परदेशी गेलेला, पोरगा घरात मजा मारतोय, आणि बाप अचानक परत येतो. घरातला चतुर गुलाम त्राणिओ दारातच म्हाताऱ्याला अडवतो : आत जाऊ नका, घर झपाटलेलं आहे. साठ वर्षांपूर्वी इथं यजमानानं आपल्याकडे उतरलेल्या पाहुण्याचा सोन्यासाठी खून केला आणि त्याला इथंच, क्रियाकर्म न करता पुरला, त्याचं हे भूत. सगळी थाप. पण थाप किती अचूक आहे बघा. परक्या छपराखाली, परक्या माणसाच्या भरवशावर झोपलेला पाहुणा म्हणजे सगळ्यांत असहाय जीव. पुढं जगभरच्या सरायांच्या, धर्मशाळांच्या आणि हॉटेलांच्या भुतांत हा मारला गेलेला पाहुणा पुन्हा पुन्हा येतो, आणि त्याचा पहिला ठळक अवतार गोष्टीतल्या गोष्टीत रचलेला खोटा आहे.

कायद्यानंही या प्रश्नात लक्ष घातलं. भीतीनं घर सोडून गेलेल्या भाडेकरूकडून भाडं वसूल करता येतं का? जस्टिनियनच्या ‘डायजेस्ट’मध्ये जुन्या कायदेपंडिताचं मत दिलेलं आहे : भीतीला रास्त कारण असेल, तर प्रत्यक्ष धोका नसला तरी भाडं लागू होत नाही. यात भुताचा उल्लेख नाही. पण सोळाव्या शतकातल्या फ्रेंच पंडितांनी हे मत थेट भुताटकीच्या घरांना लावून पाहिलं. प्येर ल लॉयेर यानं १५८६ साली भुताखेतांवर जाडजूड ग्रंथ काढला, तो स्वतः कायद्याचा माणूस होता. झपाटलेल्या घराचा करार मोडता येतो का, याची चर्चा त्यात अगदी गंभीरपणे येते. आणि हे सोळाव्या शतकातच संपलं असं नाही. न्यूयॉर्क राज्यात नायॅक गावातलं एक घर विकलं गेलं. विकत घेणाऱ्याला नंतर कळलं की मालकिणीनं आपल्या घरातल्या भुतांविषयी ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये लिहिलं होतं. तो कोर्टात गेला. १९९१ मध्ये अपील कोर्टानं निकाल दिला की जिनं जगजाहीर केलं तिला आता भुतं नाहीत असं म्हणता येणार नाही, कायद्याच्या दृष्टीनं घर झपाटलेलं आहे. खरेदीदाराला व्यवहार मोडण्याची मुभा मिळाली. म्हणजे राहत्या घराच्या बाबतीत भूत हा अजूनही मालातला दोषच आहे. हॉटेलच्या बाबतीत तो गुण कधी झाला?

मधला टप्पा आपल्याकडचा आहे : डाकबंगला. इंग्रजी अमदानीत मुख्य रस्त्यांवर ठरावीक अंतरानं सरकारनं बांधलेल्या या उतरायच्या जागा. बसक्या, रुंद ओसरीच्या, दोन-तीन खोल्यांच्या. एक म्हातारा खानसामा, एक नोंदवही आणि पाहुणा दिसल्यावर पळत सुटणारी कोंबडी. आवारात कुठं तरी एखाददुसरी साहेबाची कबर. भाडं सरकारी आणि ठरलेलं, त्यामुळे भुतानं ते एका पैशानंही घटत नव्हतं की वाढत नव्हतं. भुतानं इथं फक्त गोष्टी दिल्या, आणि त्या भरपूर दिल्या. स्वातंत्र्यानंतर या बंगल्यांची विश्रामगृहं झाली, बांधकाम खात्याच्या ताब्यात गेली, आणि मराठी भयकथेनं ती जशीच्या तशी वारशानं घेतली. दौऱ्यावरचा इंजिनियर, पाऊस, कंदील आणि ‘साहेब, त्या खोलीत नका झोपू’ म्हणणारा चौकीदार, यांची आपल्याला नव्यानं ओळख करून द्यावी लागत नाही.

मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगनं १८८८ साली छापलेल्या एका कथेत अशा बंगल्यातली रात्र रंगवली आहे, आणि अथेनोडोरसनंतर मला तीच सगळ्यांत प्रामाणिक वाटते. बंगला जुना, जेवण वाईट, बाहेर वादळी हवा. मध्यरात्री निवेदकाला शेजारच्या खोलीत बिलियर्डचे चेंडू एकमेकांवर आपटल्याचा आवाज येतो. एक टोला, दुसरा, मग चेंडू गादीवर आपटून परत येतो. शेजारची खोली इतकी लहान की तिथं बिलियर्डचं टेबल मावणंच शक्य नाही. तो उजाडेपर्यंत थिजून पडून राहतो. सकाळी खानसामा सहज सांगून जातो की रेल्वे बांधणाऱ्या साहेब लोकांच्या वेळी या तीन खोल्या मिळून एकच दालन होतं, इथं बिलियर्ड चालायचं, आणि एक लठ्ठ साहेब खेळता खेळताच मेला. भूत सिद्ध झालं! निवेदक खुशीत येतो. आणि मग पुन्हा तोच आवाज. या वेळी तो उठून बघतो : छताला ताणलेल्या मळक्या कापडात एक उंदीर इकडून तिकडे धावतोय, आणि खिडकीची सैल चौकट वाऱ्यानं बोल्टावर आपटतेय. त्याला हळहळ वाटते ती तपास केल्याची. तिथंच थांबलो असतो तर या गोष्टीचं काहीही करता आलं असतं, असं त्याला वाटतं. माझ्या मते हॉटेलवाल्यांचा सगळा पुढचा व्यवहार या हळहळीवर उभा आहे : गिऱ्हाइकानं उठून छताकडे बघू नये.

परक्या खोलीत पहिल्या रात्री आवाज जास्त ऐकू येतात हे तर आता मोजलेलं आहे. झोपेवर संशोधन करणारे लोक प्रयोगशाळेतल्या पहिल्या रात्रीच्या नोंदी वर्षानुवर्षं बाजूला काढत, कारण पहिल्या रात्री कोणीच धड झोपत नाही. २०१६ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या मासाको तामाकी, युका सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं कारण शोधलं. नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, अनोळखी आवाजाला जास्त तीव्र प्रतिसाद देतो. अर्धं डोकं पहाऱ्यावर असतं म्हणा ना. हॉटेलातला मुक्काम बहुतेक वेळा एका रात्रीचाच. त्यात जुनी लाकडी इमारत, थंडी पडताना आकसणारे वासे, भिंतींतले नळ. आणखी एक कारण कॉव्हेंट्रीतल्या व्हिक टँडीनं सुचवलं. तो काम करत असलेल्या प्रयोगशाळेत लोकांना घाम फुटायचा, उदास वाटायचं, त्याला स्वतःला डोळ्याच्या कोपऱ्यात राखाडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी त्याला आपल्या पट्टेबाजीच्या तलवारीचं पातं शेगड्यात आवळून ठेवलेलं असताना आपोआप थरथरताना दिसलं. नव्यानं बसवलेल्या पंख्यामुळे खोलीत सेकंदाला सुमारे १९ कंपनांची लाट उभी राहिली होती. कानाला ती जवळपास ऐकूच येत नाही. पंख्याची बैठक बदलल्यावर भूत गेलं. टोनी लॉरेन्सबरोबर त्यानं हे १९९८ साली प्रसिद्ध केलं. पुढच्या प्रयोगांत ते दर वेळी जमलं नाही, पण पातं थरथरताना पाहून पंख्यापर्यंत जाणारा माणूस हा अथेनोडोरसचाच वंशज.

हॉटेल या धंद्याला भूत पहिल्यांदा कसं बोचलं ते विल्की कॉलिन्सच्या ‘द हाँटेड हॉटेल’ या कादंबरिकेत दिसतं. ती १८७८ मध्ये क्रमशः आली. व्हेनिसमधला एक जुना राजवाडा. तिथं एक इंग्रज उमराव मरतो. पुढं एक कंपनी त्या वाड्याचं हॉटेल करते, आणि त्याच कुटुंबातली माणसं तिथं उतरायला येतात. एका ठरावीक खोलीत त्यांच्यापैकी कोणाला झोप येत नाही, कोणाला भयंकर स्वप्नं पडतात, कोणाला घाण वास येतो. व्यवस्थापक काय करतो? खोलीचा १४ हा क्रमांक काढून तिथं ‘१३ अ’ लावतो, म्हणजे बभ्रा झालेली खोली पुन्हा भाड्यानं जाईल. हा नंबराचा उपाय लक्षात ठेवा, शंभर वर्षांनी तो परत येणार आहे.

तोवर मसुरीत एक खरी घटना घडली. लखनौच्या बॅरिस्टर लिंकननं तिथं १९०२ साली सॅव्हॉय हॉटेल उभारलं. १९११ मध्ये तिथं फ्रान्सिस गार्नेट-ऑर्म ही ४९ वर्षांची बाई तिच्या बंद खोलीत मेलेली सापडली. आत्म्यांशी बोलणं, स्फटिकात भविष्य बघणं यात तिला रस होता, आणि तिची सोबतीण इव्हा माउंटस्टीफन हिलाही. सोबतीण त्या वेळी लखनौला गेलेली होती. मरण प्रुसिक ॲसिडनं आलं होतं, आणि संशय असा की बाई रोज घेत असलेल्या सोड्यात ते आधीच मिसळून ठेवलं होतं. खटला अलाहाबादला चालला आणि इव्हा १९१२ मध्ये निर्दोष सुटली. किपलिंगनं तेव्हा इंग्लंडातून कॉनन डॉइलला पत्र लिहून या प्रकरणावर गोष्ट रचता येईल असं सुचवलं. ॲगाथा ख्रिस्तीच्या पहिल्या कादंबरीशीही, म्हणजे १९२०च्या स्टाइल्स प्रकरणाशी, या मृत्यूचं नातं जोडलं जातं. फ्रान्सिस मात्र अजून सॅव्हॉयच्या बोळांतून फिरते असं सांगतात, आणि भुतासाठी मसुरी गाठणारे पर्यटकही आहेत.

भाडं उलटं फिरलं ते शास्त्राच्या नावानं. १८९७ साली स्कॉटलंडमधलं बॅलेकिन हाउस काही मंडळींनी भाड्यानं घेतलं. वरवर शिकारीच्या हंगामासाठी, खरं म्हणजे भुतासाठी, पैसा मार्क्विस ऑफ ब्यूट या उमरावाचा. पाहुणे बोलावून त्यांना खोल्या वाटून दिल्या आणि रात्री काय ऐकलं ते लिहून घेतलं. त्यातल्याच एका पाहुण्यानं ‘द टाइम्स’मध्ये सगळ्या प्रकाराचे वाभाडे काढले. चाळीस वर्षांनी हॅरी प्राइसनं इंग्लंडमधली बोर्ली रेक्टरी वर्षभरासाठी भाड्यानं घेतली. ‘द टाइम्स’मध्ये जाहिरात देऊन ४८ निरीक्षक जमवले, त्यांच्या हातात सूचनांची पुस्तिका दिली आणि त्यांना पाळीपाळीनं तिथं रात्री काढायला लावल्या. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च १९३६ मध्ये, त्यानं केंट परगण्यातल्या एका घरातून बीबीसीवर थेट प्रक्षेपणही केलं होतं. घर घेताना भूत आहे याच कारणानं पैसे मोजणारी ही पहिली ठळक माणसं. खोलीत थर्मामीटर, दाराला दोरा, जमिनीवर पीठ. आजच्या हॉटेलातल्या ‘भूत शोधा’ सहलीत जी यंत्रं मिरवली जातात त्यांचं मूळ इथं आहे. फरक इतकाच की प्राइसच्या माणसांना वही भरून द्यावी लागत असे.

आता कोलोरॅडो. फ्रीलन ऑस्कर स्टॅनली हा मेन राज्यातला. त्यानं आणि त्याच्या जुळ्या भावानं फोटोच्या कोरड्या काचा बनवून पैसा केला, तो धंदा ईस्टमन कोडॅकला विकला आणि वाफेवर चालणाऱ्या मोटारी काढल्या. १९०३ साली क्षयानं खंगलेला स्टॅनली हवापालटासाठी डोंगरात आला आणि बरा झाला. साडेसात हजार फुटांवरच्या एस्टेस पार्क गावात त्यानं १९०९ मध्ये स्वतःच्या नावाचं हॉटेल उघडलं आणि पाहुण्यांना आणायला वाफेच्या मोठ्या गाड्या ठेवल्या. दिव्यांसाठी वीज होती, जोडीला ॲसिटिलीन वायूची सोय होती. २५ जून १९११च्या संध्याकाळी हा वायू कुठं तरी गळला. खोल्या आवरणारी बाई मेणबत्ती घेऊन २१७ नंबरच्या खोलीत शिरली आणि स्फोट झाला. इमारतीच्या त्या बाजूची दैना उडाली, बाई खालच्या मजल्यावर फेकली गेली, घोटे मोडले, पण जगली. हॉटेल तिचं नाव एलिझाबेथ विल्सन असं सांगतं. त्या वेळच्या वर्तमानपत्रांत तिचं नावसुद्धा एकसारखं छापलेलं नाही.

१९७४च्या ऑक्टोबरअखेर स्टीफन किंग बायकोबरोबर तिथं उतरला. हिवाळ्यासाठी हॉटेल बंद व्हायला आलं होतं, आणि त्या रात्री पाहुणे जवळपास हे दोघंच. भलं मोठं भोजनगृह, बाकीच्या टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या, आणि रिकाम्या दालनात वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिका वाजताहेत. खोली मिळाली २१७. रात्री त्याला स्वप्न पडलं : तीन वर्षांचा मुलगा लांबच लांब बोळातून किंचाळत पळतोय आणि आगीच्या नळाचा पाइप त्याच्या पाठीमागं लागलाय. घामाघूम होऊन तो उठला, खिडकीत बसून सिगारेट ओढली, आणि ती संपेपर्यंत पुस्तकाचा सांगाडा तयार झाला होता. ‘द शायनिंग’ १९७७ मध्ये आलं. (मराठीत किंगची सावली नारायण धारपांच्या लेखणीतून पडली. त्यांची ‘आजी’ ही कथा किंगच्या ‘ग्रॅमा’वरून आलेली, आणि ‘तुंबाड’ चित्रपटाचा एक धागा त्या कथेतला.) किंगच्या त्या रात्री भूत आलंच नाही, हे इथं मुद्दाम सांगायला हवं. रिकाम्या इमारतीत अर्धवट झोपलेल्या बापाला पोराची काळजी वाटली, एवढंच घडलं.

स्टॅन्ली कुब्रिकनं १९८० मध्ये चित्रपट केला, तेव्हा बाहेरून दाखवायला ऑरेगॉनमधला टिंबरलाइन लॉज निवडला. लॉजच्या चालकांनी विनंती केली की खोलीचा नंबर २१७ नको, लोक त्या खोलीत उतरायला घाबरतील. म्हणून चित्रपटात २३७ झाला, कारण तिथं त्या नंबरची खोलीच नव्हती. कॉलिन्सचा ‘१३ अ’ लावणारा व्यवस्थापक पुन्हा अवतरला होता. पण या वेळी हिशेब चुकला. टिंबरलाइन आज सांगतो की त्यांच्याकडे सगळ्यांत जास्त मागणी २१७लाच असते. सत्तरीच्या अखेरीला ज्या नंबरानं खोली रिकामी पडेल अशी धास्ती होती, तोच नंबर पुढच्या पिढीनं हट्टानं मागितला. भाड्याचा काटा फिरल्याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

स्टॅनली हॉटेलचं तर रूपच बदललं. चित्रपट तिथं झालाच नव्हता, तरी खोल्यांतल्या टीव्हीवर तो अखंड चालू ठेवला गेला. चित्रपटातला झुडपांचा चक्रव्यूह कादंबरीत नाही, कादंबरीत प्राण्यांच्या आकाराची झुडपं आहेत, आणि हॉटेलच्या अंगणात यातलं काहीच नव्हतं. पाहुणे येऊन विचारत राहिले. शेवटी २०१५ मध्ये हॉटेलनं खराच चक्रव्यूह लावला. गोष्ट हॉटेलातून निघाली, पडद्यावर गेली आणि परत येऊन अंगणात रुजली.

इथवर मला गंमत वाटते. पुढचं मात्र टोचतं. २१७मध्ये उतरलेले लोक सांगतात की एलिझाबेथ येते, आपलं सामान आवरते, कपडे घड्या घालून ठेवते. म्हणजे मालकाच्या वायूनं पोळलेली, घोटे मोडलेली बाई शंभर वर्षांनीही खोल्याच आवरतेय, आणि तिची पाळी कधी संपूच नये अशी व्यवस्था झालेली आहे. अथेन्सच्या म्हाताऱ्याच्या बेड्या काढल्या होत्या. इथं बेड्या निघाल्या तर धंदा बसेल.

लुइझियानातल्या मर्टल्स प्लँटेशनमध्ये हे आणखी उघडं पडतं. १७९६चा हा वाडा आज मुक्कामाची जागा आहे. तिथली प्रसिद्ध भुताटकी क्लोई नावाच्या गुलाम बाईची : मालकाचं बोलणं चोरून ऐकलं म्हणून त्यानं कान कापला, ती हिरवा फेटा बांधू लागली, कण्हेरीच्या पानांचं विष घातलेला केक करून तिनं मालकिणीला आणि मुलांना मारलं, आणि इतर गुलामांनी तिला फाशी दिलं. क्लोईची कागदोपत्री कुठंही नोंद नाही. मालकीण आणि तिची दोन मुलं १८२३-२४च्या सुमारास गेली ती पिवळ्या तापानं. या वाड्यात झालेला नोंदलेला खून १८७१चा, विल्यम विंटर नावाच्या वकिलाचा. इतिहासकार टाया माइल्स यांनी २०१५च्या आपल्या पुस्तकात अशा भूत-सहलींचा अभ्यास केला आहे. तिथं खरोखर राबलेल्या गुलाम माणसांना नावं होती, त्यांची खरेदी-विक्री झाली, पोरं हिरावली गेली. त्यांच्याबद्दल ऐकायला रात्रीचं तिकीट कोणी काढत नाही. रचलेली विषारी क्लोई मात्र विकली जाते, आणि त्या कथेत शेवटी गुन्हेगार ठरते ती गुलाम बाईच.

हाच खेळ मुंबईत ताजमहाल हॉटेलाच्या बाबतीत तोंडी चालतो. आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो : इंग्रज आर्किटेक्ट नकाशे देऊन विलायतेला गेला, परत येऊन बघतो तर इमारत उलटी बांधलेली, पुढचं मागं आणि मागचं पुढं, म्हणून त्यानं वरून उडी घेतली आणि त्याचं भूत अजून तिथं फिरतं. ताज हे भूत विकत नाही, लोकच ते फुकट वाटत फिरतात. या गोष्टीतल्या उडी घेणाऱ्या साहेबानं एक खरा माणूस झाकून टाकला आहे. ताजचे मूळ नकाशे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य यांचे, बरोबर डी. एन. मिर्झा. इमारत पुरी होण्याआधीच वैद्य वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम तडीला नेलं. १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडलं. उडी कोणी मारली नाही. प्रवेश शहराच्या बाजूनं होता, कारण पाहुण्यांच्या घोडागाड्या शहरातून येत. समोरचं गेटवे ऑफ इंडिया तेव्हा नव्हतं, ते १९२४ साली पुरं झालं. वैद्यांनी दार बरोबर जागी ठेवलं होतं.